जुनी मोटार कां तापते?

मोटारींत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यांतील थोडाच भाग चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. सुमारें तिसरा हिस्सा इंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हें पाणी फिरवितो, थर्मोस्टॅट इंजिन पुरेसें तापेपर्यंत त्याची वाट अडवून धरतो, रेडिएटर तें निववितो आणि पंखा रेडिएटरमधून वारा ओढतो. या चौघांपैकीं एकानें कुचराई केली कीं कांटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागतो.

सोलापुरास या विषयाचें महत्त्व विशेष. याच शहरीं १८८२ सालीं जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट व पुढें तिचेंच 'पद्मिनी' हें रूप आजहि कांहीं घरांनीं हौसेनें जपलें आहे. पण उन्हाळ्यांत येथील पारा चाळिशी सहज ओलांडतो. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असतां दोहोंत ६५ अंशांचें अंतर असतें. हवा ४२ वर गेली कीं तें ४८ च उरतें. म्हणजे त्याच रेडिएटरची निवविण्याची शक्ति सुमारें चौथ्या हिश्श्यानें घटते. हिवाळ्यांत लपलेला दोष वैशाखांत उघडकीस येतो, तो यामुळेंच.

इंजिन थंड असतां पाण्याची पातळी पाहावी, आणि मग विचारावें, मोटार केव्हां तापते? गर्दींत उभी असतां तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा किंवा त्याचा सैल पट्टा तपासावा. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीस तो पंख्यानेंच पुरवावा लागतो. उलट वेगांत वा चढावर तापत असेल, तर रेडिएटरच्या नळ्या गंजानें अथवा विहिरीच्या जड पाण्यांतील क्षारांनीं बुजल्या असाव्यात. निघाल्यावर थोड्याच वेळांत तापते, पण वरची रबरी नळी थंडच राहते, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकला असावा. तो काढून टाकणें हा मात्र उपाय नव्हे. मग इंजिन नीट ऊन होत नाहीं, पेट्रोल अधिक जळतें व झीज वाढते.

पाणी रोज घटतें, पण जमिनीवर थेंब दिसत नाहीं, हें लक्षण सर्वांत गंभीर. त्याबरोबर रेडिएटरांत बुडबुडे उठत असतील, तेल दुधाळ झालें असेल वा इंजिन तापल्यावरहि दाट पांढरा धूर निघत असेल, तर हेडचें गॅस्केट फुटलें असें समजावें. अशी गाडी कारागिराच्या दारापर्यंतहि चालवीत नेऊं नये.

वाटेंत वाफ निघूं लागल्यास गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. झांकणास हात लावूं नये. झांकणामुळें आंतील पाणी दाबाखालीं असतें, म्हणून १०० अंशांपलीकडे जाऊनहि तें उकळत नाहीं. झांकण निघतांच दाब सुटतो, पाणी उसळतें आणि हातातोंडाची त्वचा भाजून निघते. निदान अर्धा तास थांबावें, जाड फडकें घेऊन झांकण हळूहळू फिरवावें, आणि पाणी ओतावें तेंहि थोडथोडें. तापल्या लोखंडावर एकदम थंड पाणी पडल्यास त्यास तडा जातो. ज्यास घाई आहे त्यानेंच हा अर्धा तास विशेष सांभाळावा.