घरावरचं सोलर: हक्क काय, कागद कोणाच्या नावाचा?

मैत्रिणींनो, सध्या गावोगावी सोलरवाले फिरतात. ‘सरकारनं कंपल्सरी केलंय’ इथपासून ‘बिल कायमचं झीरो’ इथपर्यंत काहीही सांगतात. सक्ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आहे. तिथे 2020 पासून नवीन घर बांधताना पॅनल लावावेच लागतात. आपल्याकडची पीएम सूर्यघर योजना मात्र ऐच्छिक आहे. नको असेल तर सरळ नको म्हणा.

हवं असेल, तर मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम 2020 साली आले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांत सुधारणा झाली. आता 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज पूर्ण भरलेला असेल, तर तांत्रिक तपासणीशिवाय तो मंजूर झाला असंच धरतात. 5 किलोवॅटपर्यंत तार किंवा डीपीची क्षमता वाढवायची वेळ आली, तर ते काम वीज कंपनीने स्वतः करायचं. पॅनल बसवल्याचा दाखला दिला की 15 दिवसांत मीटर लावून सोलर चालू करून द्यायचं. कुणी ‘साहेबांची सही राहिलीय’ म्हणून महिनोन् महिने फिरवत असेल, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरी दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे.

अनुदान 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा त्याहून जास्तीला 78 हजार. 1 किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज मिळते. ज्या घरात पंखा, टीव्ही आणि चार दिवेच आहेत, तिथे 3 किलोवॅट कशाला? अनुदान जास्त म्हणून कर्जही जास्त, असं करू नका.

आता खरी अडचण. अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या नावाने होतो आणि अनुदानही त्याच्याच खात्यात जमा होतं. आपल्या कितीतरी घरांत मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, मग ते हयात असोत-नसोत. गटातून कर्ज उचलणार ताई, हप्ते फेडणार ताई, आणि 60 हजार जाणार दुसऱ्याच्या खात्यात! म्हणून आधी मीटरवरचं नाव बदलून घ्या. ते जमत नसेल, तर अनुदान आलं की ते कर्जात भरायचं, असं मीटरधारकाकडून लेखी घ्या आणि गटाच्या इतिवृत्तात नोंदवा. घरातल्या घरात कसला कागद, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

आणखी एक, जे विकणारा सहसा सांगत नाही. बॅटरी नसलेलं हे सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. बिघाड नाही तो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ते आपोआप थांबतं. त्यामुळे भारनियमनात गिरणी चालेल या आशेवर असाल, तर तो विचार सोडा. शिवाय बिलात स्थिर आकार राहतोच, म्हणून ‘झीरो’ शब्दावर जाऊ नका.

विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते पाहा. पाच वर्षं देखभाल करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. करारात ते लिहिलेलं नसेल, तर सही करू नका.