"काका, यातला सोपा विषय कोणता?"

आपल्याकडे मूल शास्त्र शाखेला गेले की त्या घरातला इतिहास संपतो. दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि आठवड्याच्या आत इतिहास-नागरिकशास्त्राची पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतात. पुढे बारावी, मग इंजिनियरिंग, मग नोकरी. शिवकालापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंतचे सारे काही किलोच्या भावाने गेलेले असते आणि कोणाला काही हरवल्यासारखेही वाटत नाही.

हेच मूल पदवीसाठी अमेरिकेला गेले की मात्र गंमत होते. कॉम्प्युटर शिकायला म्हणून गेलेल्या पोराच्या हाती विषयांची यादी पडते आणि तीत ग्रीक नाटके, चित्रकलेचा इतिहास, तत्त्वज्ञान, संगीताची ओळख असली नावे निघतात. त्यातले काही घेतल्यावाचून पदवीच नाही! घरी फोन येतो आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

असा फोन माझ्या धाकट्या भावाच्या घरी २०२२ साली आला. मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे हे लचांड माझ्याकडे सोपवण्यात आले. पुतणीने एकच प्रश्न विचारला, "काका, यातला सोपा विषय कोणता?"

वाचकहो, प्रश्न दिसतो तितका पोरकट नव्हता. पुतणी टेक्सास राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात होती. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याला फी जबर. पण स्पर्धेतून निदान १००० डॉलरांची शिष्यवृत्ती मिळाली, तर परदेशी विद्यार्थ्यालाही टेक्सासच्या मुलांचाच दर लावण्याची सवलत तिथल्या कायद्यात आहे. हिला ती मिळाली होती, परंतु गुणांची सरासरी टिकवण्याच्या अटीवर. सरासरी घसरली की शिष्यवृत्ती गेली, शिष्यवृत्ती गेली की फीचा दर चढला, आणि भावाने राहते घर बँकेकडे तारण ठेवलेले. तो मला म्हणाला, "दादा, तू मास्तर माणूस. तुला तत्त्वज्ञान सुचतं. हप्ते मला फेडायचे आहेत!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच उत्तर देण्यापूर्वी हे सक्तीचे विषय आहेत तरी काय, ते नीट पाहायचे मी ठरवले.

पंगत की खानावळ?

एके काळी अमेरिकेतल्या महाविद्यालयात सगळ्यांना एकच पंगत असे. लॅटिन, ग्रीक, गणित. पानात पडेल ते मुकाट्याने खायचे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या चाळीस वर्षांत ती पंगत मोडली. ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे, असा त्यांचा खाक्या. होता होता सक्तीचा म्हणून पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनापलीकडे जवळजवळ काही उरले नाही. मुलेही चतुर. त्यांनी सोपे तेवढे वेचले. १९०९ साली आलेल्या लॉवेल यांनी मग मध्यम मार्ग काढला. एका विषयात खोल जा आणि बाकीचे थोडे थोडे चाखा.

कोलंबिया विद्यापीठाने निराळी वाट धरली. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, तरुणांना युद्धाची कारणे समजावीत म्हणून तिथे एक वर्ग निघाला होता. त्यातूनच १९१९ मध्ये समकालीन संस्कृतीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे १९३७ मध्ये वाङ्मयाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, हार्वर्डच्या समितीनेही सर्वसाधारण शिक्षणावर अहवाल लिहिला. तांबड्या वेष्टनामुळे तो 'रेडबुक' म्हणून गाजला. म्हणजे पाहा, युद्ध आले की शहाण्या माणसांना आठवण होते, की नुसते यंत्र चालवता येणे पुरत नाही. ते कशासाठी चालवायचे हेही कोणी तरी विचारले पाहिजे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे यंत्रविद्येचे माहेरघर. तिथेही प्रत्येक पदवीधराला मानव्यविद्या, कला आणि समाजशास्त्रे यांतले आठ विषय पुरे करावे लागतात. तेव्हा 'इंजिनियराला हे काय करायचे' हा सवाल निदान तिथे तरी निकालात निघालेला आहे.

बेचाळीसचा हिशेब

आता टेक्सासचा हिशेब. पदवीला साधारण १२० क्रेडिटे लागतात. त्यातली ४२ सर्वांना समान असतात. सहा क्रेडिटे भाषण-लेखनाची, तीन गणिताची, सहा विज्ञानाची, सहा अमेरिकेच्या इतिहासाची, सहा राज्यव्यवस्थेची, तीन समाजशास्त्रांची, तीन 'भाषा, तत्त्वज्ञान आणि संस्कृती' या खात्याची, तीन ललितकलांची आणि उरलेली सहा विद्यापीठाने ठरवलेल्या विषयांची. राज्यव्यवस्थेत टेक्सासचे संविधानही येते. ते १८७६ चे असून त्यात पाचशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत, हे ऐकल्यावर पुतणीने कपाळाला हात लावला. आपल्या संविधानाच्या शंभरावर दुरुस्त्या तिला एकदम थोड्या वाटू लागल्या!

पण बारकाईने पाहिले तर या बेचाळीसांत मनाजोगती निवड फार थोडी. इतिहास, राज्यव्यवस्था, गणित यांची दालने बव्हंशी ठरलेली. दार खरे सताड उघडे ते तत्त्वज्ञान-संस्कृती आणि ललितकला या दोन खात्यांत. म्हणजे चार वर्षांत दोन विषय.

आणि एका विषयाची किंमत किती? तीन क्रेडिटे म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गात आणि नियमाप्रमाणे त्याच्या दुप्पट, सहा तास, वर्गाबाहेर. सत्राचे पंधरा आठवडे धरा. एकूण १३५ तास झाले. सोपा विषय घेतला म्हणून फी एका डॉलराने कमी होत नाही. मी भावाला सांगितले, "अरे, तू व्यापारी दृष्टीनंच बघ. पैसे पूर्ण मोजायचे आणि पिशवी रिकामी घरी आणायची, हा कुठला व्यवहार?" तो काही बोलला नाही, पण त्याला पटलेही नव्हते.

काठावरचे सत्र

पुतणीच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तयार याद्या फिरत होत्या. अमका विषय घ्या, परीक्षेत नुसत्या खुणा करायच्या. तमका घ्या, हजेरी नाही. मी तिला म्हटले, "अगं, विषयाचं नाव बघू नकोस. शिक्षकाचं पत्रक मागव. काय वाचायचं आहे, किती पानं लिहायची आहेत, ते बघ आणि मग मला सांग."

पत्रके आली. तिने नीतिशास्त्राची ओळख हा विषय धरला. प्लेटो, कांट, मिल यांचे थोडे थोडे वाचन आणि सत्रात चार निबंध. "काका, घेते, पण बाबांना तुम्ही सांगा," असे म्हणून तिने ते गाठोडे माझ्या डोक्यावर दिले.

पहिल्या निबंधाला 'सी' आला. बारावीपर्यंत नव्वदीच्या खाली न उतरलेली मुलगी ती! तिने सगळे बरोबर लिहिले होते. प्लेटो काय म्हणतो, मिल काय म्हणतो, मुद्देसूद, क्रमवार, आपल्याकडच्या गाइडासारखे. शिक्षिकेने शेवटी एवढेच विचारले होते की हे सारे त्यांचे झाले. यात तुझे म्हणणे कोणते?

घरी हलकल्लोळ झाला. विषय सोडून दे, असा भावाचा हुकूम सुटला. पण ते तितके सोपे नसते. टेक्सासमध्ये बाराव्या शैक्षणिक दिवसापर्यंत विषय सोडला तर त्याची नोंद राहत नाही. ती मुदत टळून गेली होती. त्यानंतर सोडलेला विषय मोजला जातो, आणि २००७ पासूनच्या कायद्याने पदवीच्या सबंध काळात असे सहाच सोडता येतात. शिवाय तिची त्या सत्राची क्रेडिटे होती तेरा. तीन वजा केली की दहा. परदेशी विद्यार्थ्याला बाराच्या खाली जायचे तर परवानगी हवी, नाही तर व्हिसावर गदा. पुढे आड, मागे विहीर!

मग तिने जे केले ते आपल्याकडे मुले सहसा करीत नाहीत. शिक्षिकेच्या भेटीच्या वेळात ती जाऊन बसली. तिकडे प्रत्येक शिक्षक आठवड्यातले काही तास नुसते विद्यार्थ्यांच्या भेटीसाठी राखून ठेवतो. ते तास बहुधा रिकामेच जातात. तीन आठवडे ती जात राहिली. एक वाक्य लिहायचे, 'असे का?' या प्रश्नाला तोंड द्यायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी विषयात 'बी' मिळाला. बाकीच्या विषयांनी सरासरी सावरली आणि शिष्यवृत्ती टिकली. पण कशीबशी, काठावर. भाऊ त्या महिन्यात नीट झोपला नव्हता, हे मला वहिनीकडून नंतर कळले.

एका 'बी'साठी एवढा घोर लावून घ्यावा काय? त्याचे उत्तर तिसऱ्या वर्षी मिळाले. तिच्या गटाने कर्जाचे अर्ज तपासणारा एक प्रोग्रॅम तयार केला होता. प्रोग्रॅम सुरेख चालत होता. होय किंवा नाही, क्षणात निकाल. सगळे खूश. हिने विचारले, "ज्याला नाही म्हटलं, त्याला कारण काय सांगायचं?" कोणापाशी उत्तर नव्हते. अमेरिकेत कर्ज नाकारले गेले तर कारण कळण्याचा हक्क अर्जदाराला कायद्याने आहे. गटाला पुन्हा कामाला बसावे लागले. हा प्रश्न तिला कॉम्प्युटरच्या वर्गाने शिकवला नव्हता. तिच्यासाठी बँकेच्या टेबलापुढे बसलेला बाप तिला त्या वेळी आठवला असेल काय, हे मी विचारले नाही.

एका थोर विद्यार्थ्याची यादी

विषय निवडण्याचा उत्तम वस्तुपाठ पाहायचा तर आपल्याच माणसाकडे वळावे लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तेही शिष्यवृत्तीच्या मुदतीने बांधलेले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते. पदवीच्या मुलांची सक्ती त्यांना नव्हती. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. पण जोडीला इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एकेक!

यातले मानववंशशास्त्र कोणी 'कशाला हवे' म्हणून सहज खोडले असते. त्याच विषयाच्या, गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात, ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातिसंस्थेची उकल करणारे त्यांचे पहिले मोठे लेखन त्या बाजूच्या विषयातून निघाले. मुख्य विषयाने त्यांना पदवी दिली. या बाजूच्या विषयाने स्वतःच्या प्रश्नाला हात घालायला जागा दिली.

निवडताना

आता हे केवळ अमेरिकेला जाणाऱ्यांचे दुखणे राहिलेले नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला होता. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांतही मुख्य शाखेबाहेरचे विषय घेणे आले आहे. तेव्हा चार गोष्टी सांगतो.

विषयाच्या नावापेक्षा शिक्षक आणि त्याचे पत्रक पाहा. जिथे स्वतः लिहावे लागते आणि लिहिलेले कोणी तरी वाचून परत देते, तो विषय पहिला धरा. पहिल्या एकदोन तासांना डोळे उघडे ठेवून बसा. नको वाटला तर मुदतीच्या आत बदला, मागाहून रडू नका. वाचनाचे दोन जड विषय एका सत्रात घेऊ नका. सरासरीला धोका असेल तर तो ओझे वाटून टाळावा. विषय पोकळ घेऊन टाळू नये. आणि हे विषय शेवटच्या सत्रासाठी शिलकीत टाकू नका. तेव्हा मन नोकरीच्या मुलाखतीत असते.

आणि आईबापांनो, मुलाने विचारले, "यातला सोपा कोणता?" तर रागावू नका. हप्त्यांची भीती त्यालाही असते. त्याला फक्त उलट विचारा, "यातला कोणता विषय तुला पुन्हा कधी शिकता येणार नाही?" कॉम्प्युटरची भाषा तो नोकरीत दहा वेळा नव्याने शिकेल, ते त्याला भागच पडेल. पण प्लेटो हाती देऊन, निबंध तपासून, 'तुझे म्हणणे कोणते?' असे विचारणारे माणूस पुढे पगार देणाऱ्या कचेरीत भेटत नाही. ते १३५ तास एकदाच मिळतात.