फाटण्याच्या काठावरचा आवाज

व्हॉल्व्हचा रेडिओ ऐकत वाढलेली पिढी अजून आपल्यात आहे. मर्फी, बुश, फिलिप्स. बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच नाही, मग आवाज हळूहळू वर यायचा. त्यातल्या कित्येक रेडिओंत शेवटचा, म्हणजे स्पीकरला जोर देणारा व्हॉल्व्ह ईएल८४ असायचा. बोटभर उंचीची काचेची नळी, खाली नऊ बारीक पिना. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचा ईएल८४ आजही जुन्या मालात अधूनमधून हाताला लागतो. त्याच काळात इंग्लंडमध्ये व्हॉक्स कंपनीच्या एसी-३० या गिटार अँप्लिफायरमध्ये चार-चार ईएल८४ बसत होते आणि बीटल्सच्या गिटारी त्यातून वाजत होत्या. इकडे ‘आपली आवड’, तिकडे बीटल्स, आणि दोन्हीकडे नळी एकच.

अपेक्षा मात्र अगदी उलट. ईएल८४ च्या माहितीच्या तक्त्यात एक ओळ असते: २५० व्होल्ट, ४८ मिलिअँपिअर, ५,२०० ओहमचा भार, आणि बाहेर ५.७ वॅट, तेही १० टक्के विकृती धरून. रेडिओ बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची मर्यादा. याच्या बरंच अलीकडे थांबायचं, नाहीतर आवाज फाटतो. गिटारवाल्याचं काम त्या ओळीच्या आसपास सुरू होतं. १९६४ मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजात ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. फाटणं हा दोष राहिला नाही, ती वाद्याची भाषा झाली. घरी अँप्लिफायर बनवताना सगळी धडपड यासाठीच असते: आवाज कुठे फाटायला लागेल, किती हळू फाटेल आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना ते किती कळेल.

मी बनवलेला अँप्लिफायर तीन व्हॉल्व्हचा आहे. पुढे ईसीसी८३, ज्याच्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात, मग ईएल८४, आणि एसीचं डीसी करायला ईझेड८०. बाकी मूठभर रेझिस्टर-कंडेन्सर. ते सगळं पुण्यात बुधवार पेठेत मिळून जातं. अडतं ते ट्रान्सफॉर्मरपाशी. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तयार मिळणं कठीण, म्हणून तो भरून घ्यावा लागतो. पेठेतले वायंडिंगवाले काका मोटारी भरतात, पण हात जुना, रेडिओचा.

“किती मिलिअँपिअर? डीसी जाणार ना यातून?” त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. मी पन्नास सांगितले.

“म्हणजे एकच व्हॉल्व्ह. मग गॅप ठेवायला लागेल, कागद घालतो. रेडिओच ना?”

“नाही काका, गिटारला लावायचाय.”

“मग आवाज जास्त करू नका हो. फाटेल.”

“तसाच हवाय.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि बॉबिन मशिनवर चढवलं.

त्यांचा पहिला प्रश्न नेमका होता. एकच पॉवर व्हॉल्व्ह असला की त्याचा सगळा डीसी करंट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून सतत वाहतो आणि लोखंड आधीच चुंबकत्वाने भरून जातं. म्हणून ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या एकमेकींत न गुंफता सगळ्या ‘ई’ एका बाजूला रचतात आणि ‘आय’च्या गठ्ठ्यात व त्यांच्यात कागदाची बारीक फट सोडतात. फट नसेल तर जाड तारेचे सूर आधी दबतात. व्हॉल्व्हला ५,२०० ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर ८ ओहमचा. भागाकार ६५०, त्याचं वर्गमूळ साधारण साडेपंचवीस. सेकंडरीच्या एका वेढ्याला प्रायमरीचे तेवढे वेढे. काका प्रायमरीचे थर मधूनमधून सेकंडरीने तोडतात, म्हणजे वरचे सूर गळत नाहीत. प्रत्येक थरावर कागद आणि शेवटी वार्निशमध्ये बुडवणं. सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरला त्यांनी स्वतःहून २४० ची टॅपिंग काढून दिली. जुने ट्रान्सफॉर्मर २२० वर भरलेले असत. आज रात्री लाइन २४० ला गेली की त्यांच्यावर फिलामेंटच्या ६.३ चे जवळपास ६.९ व्होल्ट होतात, आणि त्याचं आयुष्य तेवढं कमी.

पत्र्याला भोकं पाडण्याआधीची एक गोष्ट मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते. दोन्ही ट्रान्सफॉर्मर नुसते पत्र्यावर ठेवायचे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडायचा, प्रायमरी मोकळी ठेवायची. सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरची उघडी टोकं नीट झाकून त्याला लाइन द्यायची. दोघांत एकही तार नाही, तरी हेडफोनमध्ये हम ऐकू येतो. एकाचं चुंबकीय क्षेत्र हवेतून दुसऱ्यात शिरत असतं. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत जायचा. हम वाढतो, कमी होतो, आणि एका कोनात जवळजवळ नाहीसा होतो. कागदावर तो कोन बहुधा काटकोन निघतो, पण पोलादी पत्रा असेल तर थोडा सरकतो. तिथे पेन्सिलने खूण करायची आणि ड्रिल तिथेच चालवायचं. ही जागा चुकली तर पुढे कितीही कंडेन्सर घाला, तो हम जात नाही.

पहिल्यांदा लाइन देताना रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा जुना सिरीज बोर्ड लागतो: मध्ये साठ वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा असला तरी भार नसताना पहिल्या कंडेन्सरवर ३५० व्होल्ट चढतात, आणि स्विच बंद करून प्लग काढला तरी तिथे राहतात. म्हणून त्यावर २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडलेला, मीटरवर आकडा शून्याजवळ उतरल्याशिवाय आत बोट नाही, आणि चालू असताना मोजायचं तर एक हात पाठीमागे. शिवाय स्पीकर जोडल्याशिवाय अँप्लिफायर वाजवायचा नाही. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट उसळणारा दाब इन्सुलेशन फोडतो.

ईएल८४ च्या कॅथोडखाली १५० ओहम घातले होते, तिथे ७.८ व्होल्ट आले. म्हणजे ५२ मिलिअँपिअर. त्यातले सुमारे पाच स्क्रीनचे, उरले ४७. प्लेट आणि कॅथोडमध्ये २४७ व्होल्ट. गुणाकार ११.६ वॅट, आणि व्हॉल्व्हची मर्यादा १२. मीटरचं काम इथे संपतं. अगदी सुरुवातीला स्पीकरमधून कर्कश शिट्टी आली, ती अपेक्षितच होती. स्पीकरवरून थोडा सिग्नल मागे दुसऱ्या ट्रायोडला दिलेला असतो, आणि भरून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरची कुठली तार कुठल्या दिशेची हे लावल्याशिवाय कळत नाही. सेकंडरीच्या दोन तारा उलटसुलट केल्या की शिट्टी बंद.

मग उरतो बारीक हम, आणि तो कानाने ओळखता येतो. ५० हर्ट्झचा असेल तर तो फिलामेंटच्या तारांतून येतो: त्या घट्ट पिळून पत्र्याच्या कोपऱ्यातून न्यायच्या. त्याहून एक सप्तक वर, १०० हर्ट्झचा थोडा खरखरीत असेल तर सप्लाय गाळणं कमी पडतंय किंवा अर्थच्या जागा चुकल्यात. पहिला कंडेन्सर मोठा घालावासा वाटतो, पण ईझेड८० ला पन्नास मायक्रोफॅरडच्या वर सोसत नाही. वाढवायचा तो पुढचा.

आवाज घडवणं इथून पुढे सुरू होतं. दोन टप्प्यांमधला कंडेन्सर ०.०२२ चा होता, तो १५ हर्ट्झपर्यंत सगळं पुढे सोडतो. रेडिओला ते चांगलं. गिटारची सर्वांत जाड तार मात्र ८२ हर्ट्झवर आहे. त्याखालचा सगळा ऐवज फाटताना नुसता चिखल करतो. ०.००४७ चा घातला की कापणी ७२ वर येते आणि जाड तारेवरची कॉर्ड मोकळी होते. मागे दिलेला सिग्नल कमी केला तर आवाज लवकर फाटायला लागतो, पण सावकाश. वाढवला तर बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. मी तिथे पोटेन्शिओमीटर लावून बराच वेळ एकच कॉर्ड हलकी आणि जोरात वाजवून बघितली. हलक्या हाताला स्वच्छ, जोराला फाटलेली, आणि मध्ये कुठे पायरी जाणवू नये. जिथे तसं झालं तिथली किंमत मोजली आणि पक्का रेझिस्टर सोल्डर केला.

व्हॉल्व्ह रेक्टिफायरमुळे सूर आधी दबतो आणि मग फुलतो, असं खूप बोललं जातं. मोठ्या पुश-पुल अँप्लिफायरमध्ये ते खरं आहे. एका व्हॉल्व्हच्या क्लास ए मध्ये सरासरी करंट फारसा बदलतच नाही, त्यामुळे ईझेड८० ला त्याचं श्रेय देता येत नाही. इतक्या छोट्या अँप्लिफायरमध्ये सर्वांत मोठा फरक स्पीकर करतो. आधी म्युझिक सिस्टिमचा स्पीकर लावला होता. त्यातून फाटलेला आवाज नुसता चरचरला. गिटारचा बारा इंची स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास गाळून टाकतो, आणि तोच आवाज एकदम भरदार होतो. नव्याने कुणी बनवायला घेतला तर मी सांगेन, महागडे कंडेन्सर सोडा, पैसे ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर घाला.

आकडा चार-पाच वॅटचा दिसला तरी सोसायटीच्या फ्लॅटमध्ये हा आवाज भिंतीपलीकडे जातो, म्हणून दुपारी वाजवतो. व्हॉल्व्ह झिजणारी वस्तू आहे. ईएल८४ थकला की कॅथोडवरचा ७.८ हळूहळू खाली येईल. पेटीच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून प्रत्येक पिनेवरचे व्होल्ट आणि सेकंडरीच्या तारांचे रंग लिहून ठेवलेत. पुढे कधी कुणी उघडेल त्याला पहिल्यापासून मोजायला लागू नये.