पावती आहे, पण कशाची?

पनवेल-उरण पट्ट्यात हळदीच्या सुपाऱ्या घेणाऱ्या डीजेला यजमान दोनच गोष्टी विचारतात: बेस किती, आणि रात्री दहानंतर काय करणार? गाणी कुठून आणतोस, हे कोणी विचारत नाही. ते विचारतात आमच्याच धंद्यातली पोरं. "दादा, महिन्याचे डॉलर भरून साइटवरून गाणी घेतली की आपण कायद्यात बसलो ना?"

मी असं सबस्क्रिप्शन बरीच वर्षं भरतोय, पावत्याही जपून ठेवतो, तरी या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणत नाही. ती पावती फाइल मिळाल्याची असते, चारचौघांत वाजवण्याच्या परवानगीची नसते. काही साइटच्या बाबतीत तर फाइल मिळाल्याचीही धड नसते.

या साइटना आमच्यात रेकॉर्ड पूल किंवा नुसतं पूल म्हणतात. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि लागतील तसे ट्रॅक उतरवून घ्यायचे. साध्या ॲपवर न मिळणारा माल इथे असतो. आधी-नंतर नुसता ठेका जोडलेली आवृत्ती, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना हात मोकळा राहतो. शिव्या गाळलेली आवृत्ती, आजी-आजोबा समोर बसलेले असतात म्हणून. नुसत्या गळ्याचं अकापेला. आणि प्रत्येक ट्रॅकवर बीपीएम लिहिलेला. हे सगळं घरी बसून करायचं तर रात्र जाते, त्यामुळे पैसे वसूल होतात याबद्दल माझी तक्रार नाही.

कल्पना न्यूयॉर्कची, आणि मुळात अगदी स्वच्छ. १९७५ साली तिथल्या डिस्को डीजेंना नवी रेकॉर्ड मिळवायला एकेका कंपनीच्या दारात ताटकळावं लागे. कोणाला मिळे, कोणाला हाकलून देत. डेव्हिड मॅनकूसो हा 'द लॉफ्ट' नावाच्या नाचाच्या पार्ट्या चालवणारा माणूस. त्याच्या प्रिन्स स्ट्रीटवरच्या जागेत डीजे मंडळी एकत्र आली आणि न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल सुरू झाला. कंपन्यांनी रेकॉर्ड एकाच ठिकाणी फुकट द्यायच्या, डीजेंनी त्या वाजवून लोक नाचले की बसले ते कळवायचं. कंपनीला जाहिरात मिळाली, डीजेला माल. आजचे नीट चालणारे पूल याच तत्त्वावर उभे आहेत: लेबलशी करार, आणि माल 'फक्त प्रसिद्धीसाठी' म्हणून व्यावसायिक डीजेच्या हातात.

हे अमेरिकेत बिनबोभाट चालतं त्यामागे तिथल्या कायद्यातली एक गंमत आहे. तिथे क्लबात रेकॉर्ड वाजली तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, ते जागेचा मालक आस्कॅप, बीएमआय अशा संस्थांकडे भरतो. पण रेकॉर्डिंगची मालक असलेल्या कंपनीला क्लबातल्या वाजवण्याबद्दल पैसे मागायचा हक्कच नाही. मग तिला डीजेकडून हवं काय? प्रसिद्धी. म्हणून ती पूलला माल देते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा वेगळा आहे. कलम १४ प्रमाणे रेकॉर्डिंग लोकांना ऐकवण्याचा हक्क कंपनीचाही आहे. म्हणून इथे हॉटेलात गाणं वाजलं की दोन खिशांत पैसे जायला हवेत: रेकॉर्डिंगचे पीपीएल किंवा नोव्हेक्सकडे, आणि शब्द-चालीचे आयपीआरएसकडे. अमेरिकन पूलची पावती यातल्या एकाही खिशापर्यंत पोचत नाही. सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा परवाना ज्याचा त्याने घ्यावा, असं पूलच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेलंच असतं. आमच्यात ते वाचतं कोण?

पैसे भरले म्हणजे माल कायदेशीर, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का दिला तो ऑलऑफएमपीथ्री या रशियन साइटने. मेगाबाइटच्या हिशेबाने गाणी विकायची, तीही मातीमोल भावात. कार्ड चालायचं, पावती यायची, आणि आमच्याकडे रशियातल्या एका वसुली संस्थेचा परवाना आहे असं साइट छातीठोकपणे सांगायची. परदेशी रेकॉर्ड कंपन्या म्हणत होत्या की त्या संस्थेला आम्ही हक्क दिलेलेच नाहीत. २००६ मध्ये व्हिसाने पैसे वळते करणं थांबवलं, २००७ च्या जुलैत साइट बंद पडली. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या कोर्टाने तिच्या माजी प्रमुखाला निर्दोष सोडलं, हा भाग वेगळा. पण गिऱ्हाइकाचं काय? सातबारा ज्याच्या नावावर नाही त्याच्याकडून खरेदीखत करून घेतलं, तर दिलेले पैसे खरे असतात, कागदही छापील असतो. जमीन मात्र आपली होत नाही.

दुसरा किस्सा त्याच वर्षाचा, अटलांटातला. डीजे ड्रामा मिक्सटेपसाठी नावाजलेला. लेबलांची प्रसिद्धी सांभाळणारे लोकच असल्या मिक्सटेपसाठी गाणी पुरवत, कारण कलाकाराचं नाव त्यातून मोठं होई. जानेवारी २००७ मध्ये पोलिसांनी त्याच्या स्टुडिओवर धाड टाकली, सोबत रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचे लोक. ऐंशी हजारांवर सीडी जप्त झाल्या. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने पकडलं. प्रसिद्धीसाठी मिळालेला माल विकायला किंवा वाटायला मिळालेला नसतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे. म्हणून माझं लॉगिन मागायला कोणी आला तर तो माझ्या साडूचा मुलगा असला तरी देत नाही.

आता आमच्या हळदीकडे येऊ. कलम ५२ मध्ये एक सूट आहे. खऱ्या धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत म्हणजे उल्लंघन नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ त्यातच धरायचे, असं खाली स्पष्टीकरण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून याची आठवणही करून दिली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने परिपत्रक काढलं, की लग्नसमारंभांसाठी हॉटेलांनी नि संस्थांनी परवान्याचा आग्रह धरू नये. पीपीएल कोर्टात गेली आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कलम जागेवर आहे, पण परिपत्रक काढून त्याचा अर्थ फुगवता येत नाही. म्हणजे उरणच्या अंगणातली हळद बिनघोर. गोव्याच्या रिसॉर्टमध्ये तिकीट लावून केलेली 'आफ्टर पार्टी' लग्नात मोडते का, याचं उत्तर कोर्टच देईल.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक डीजेंच्या नजरेतून सुटते. ही सूट वाजवण्याला आहे, फाइल बनवण्याला नाही. रेकॉर्डिंग कुठल्याही माध्यमात साठवणं हाही मालकाचा वेगळा हक्क आहे, आणि खाजगी वापराची सवलत धंद्याच्या पेनड्राइव्हला लागू होणं कठीण. यूट्यूबवरून ओढलेलं गाणं हळदीत वाजलं तर ते वाजणं माफ होईल, पेनड्राइव्हमधली प्रत माफ होत नाही. स्ट्रीमिंगचं घरगुती खातंही याला उपाय नाही, त्यांच्या अटी वैयक्तिक वापरापुरत्या असतात. आणि कायद्याचा दात किरकोळ नाही: कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलंय.

मग कायदेशीर फाइल आणायची कुठून? खरी अडचण इथे आहे. परदेशी पूलमध्ये मला लॅटिन, हाउस, हिपहॉप मिळतं. हळदीला लागतात कोळीगीतं, आणि संगीतच्या रात्री हिंदी सिनेमाची गाणी. देशातल्या सगळ्या कंपन्यांची गाणी, तीही रिमिक्स करून, महिना दोनशे रुपयांत देणारे ग्रुप आहेत. त्यांच्या ट्रॅकमध्ये मध्येच कुठल्यातरी डीजेचं नाव ओरडतं, आणि ते नाव कधीच गाण्याच्या मालकाचं नसतं. असल्या ठिकाणी मी एकच चौकशी करतो: कोणत्या लेबलशी करार आहे, नाव सांग. मग बोलणं तिथेच थांबतं.

कोळीगीतांचं मात्र सोपं आहे. आपल्या भागातले बरेच गायक स्वतःच निर्माते असतात, फोनवर भेटतात. मी मूळ वेव्ह फाइल मागतो, थोडे पैसे देतो, आणि 'अमुक गाण्याची प्रत कार्यक्रमात वाजवण्यासाठी दिली' एवढं लिहून घेतो.

हिंदीसाठी तसा फोन लावायला माणूस नाही. जर्मनीत गेमा या संस्थेने एप्रिल २०१३ पासून डीजेंसाठी दर लावला, कार्यक्रमासाठी कॉपी केलेल्या प्रत्येक गाण्यामागे तेरा सेंट. तिकडचे डीजे त्यावर खूप चिडले होते. मला तो आकडा वाचून हेवा वाटला. तेरा सेंट म्हणजे आपले बारा-तेरा रुपये. एवढे घेऊन प्रत कायदेशीर करून देणारं कोणी इथे असेल तर मी आज माझी आख्खी हार्ड डिस्क घेऊन जाईन. तोपर्यंत हॉटेलच्या प्रत्येक कोटेशनवर खाली एक ओळ टाकतो: पीपीएल, नोव्हेक्स व आयपीआरएसचे परवाने आयोजकाकडे, प्रती आदल्या दिवशी दाखवाव्यात. या ओळीमुळे दोन-चार सुपाऱ्या गेल्या, त्या गेल्या.