सरकपट्टीचे गणित

संगणकावर चित्रे रंगविणाऱ्यांचा स्लायडरशी, म्हणजेच सरकपट्टीशी, रोजचा संबंध येतो. समजा, ब्रशचा आकार १ ते १०,००० पिक्सेल आहे आणि पडद्यावरील पट्टी २०० पिक्सेल लांब आहे. अशा वेळी माउस एका पिक्सेलने हलताच आकार सुमारे ५० ने बदलतो. मग नेमका १२ हा आकार साधायचा कसा?

'गिम्प' या मुक्त सॉफ्टवेअरने २०१२ मधील २.८ आवृत्तीत पट्टीचे दोन भाग केले. वरच्या भागात मूल्य थेट उडी घेई, तर खालच्या भागात ते हळूहळू बदले. हा भेद पटकन लक्षात येत नसे. २०२० च्या २.१०.१८ आवृत्तीत पट्टी सडपातळ झाली आणि सूक्ष्म बदलासाठी शिफ्ट कळ दाबून ओढण्याची सोय आली.

दुसरा उपाय गणिताचा आहे. १० चे २० झालेले डोळ्यांना ठळक दिसते. १,००० चे १,०१० झालेले जाणवतही नाही. म्हणून समान अंतराला बेरजेऐवजी गुणाकार जोडावा. तसे केल्यास प्रत्येक दसपटीला ५० पिक्सेल मिळतात आणि १२ सहज हाती लागतो. शून्याच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या मूल्यांना मात्र हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे आकडा टंकित करण्याची चौकट हवीच.