मुरलेली की विटलेली?

गोव्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत काजूंबरोबर हमखास एक गोड, लालभडक बाटली निघते. तिला आपण पोर्ट म्हणतो. १९६१ साली पोर्तुगीज गेले. नाव मागे राहिले. ती बिचारी ताजीच प्यायची असते, तिला वयाचा प्रश्न विचारू नये.

अस्सल पोर्ट पोर्तुगालातल्या दुओरो नदीच्या खोऱ्यातली. त्या मुलखाची सीमा १७५६ सालीच आखली गेली. द्राक्षरस आंबत असताना, बरीचशी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांचाच जहाल अर्क ओततात. आंबणे जागच्या जागी थांबते, गोडी टिकते आणि मद्यार्क शेकडा वीसपर्यंत चढतो. एखाद्या वर्षी पीक अप्रतिम उतरले तरच त्या सालाची 'व्हिंटेज' जाहीर होते. ती दोन-तीन वर्षांत पिंपातून बाटलीत जाते आणि पुढची वीस-तीस वर्षे तिथेच मुरते.

मुरणे! लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, गवईसुद्धा मुरलेला असतो. आणि जे मुरत नाही ते विटते. जुनी पोर्ट पारखणे म्हणजे या दोन क्रियापदांमधला निवाडा.

माझ्या भाच्याने १९९४ सालची बाटली परदेशातून आणली. ते साल नामांकित. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी ती आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. बुचाचा भुगा झाला. मग मलमलीतून गाळणे आले. "मामा, हात हलवू नका," म्हणत भाच्याने बाटलीच्या मानेमागे बॅटरी धरली. गाळाची रेघ मानेपाशी आली की ओतणे थांबवायचे.

कोवळी पोर्ट शाईसारखी जांभळी असते; ही विटकरी झाली होती, कडेला तांबूस. वास सुक्या अंजिराचा, मनुकांचा, थोडा लवंगेचा. गोडी, तुरटपणा आणि अर्काचा चटका या तिघांची भांडणे मिटलेली हवीत. इथे मिटली होती. घोट गेल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत होती. उलट आंबूस वास आला किंवा अर्क एकटाच बोलू लागला, तर साल कितीही जुने असो, बाटली विटली समजावी.

आमच्या सोलापुरात तर वयाचा भरवसा धरूच नये. अशा मद्याला बारा-पंधरा अंशांचे तळघर लागते. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बाटली थंडीतच आणावी आणि थंडीतच फोडावी. सोबत अक्रोड चालतात. शेंगाची चटणी मात्र लांब ठेवावी. तिच्यापुढे तीस वर्षांचे मुरणे क्षणात फिके पडते!

उरलेली तिसऱ्या दिवशी चाखली. वास निम्मा उडाला होता.