लव्हाळा मरत नाही, पण त्याचे भाऊबंद?

पहिला पाऊस झाला की बोदवडच्या आसपास कपाशीच्या रानात सर्वात आधी जे हिरवं टोक वर येतं, ते बहुधा लव्हाळ्याचं असतं. कुणी त्याला मोथा म्हणतं. दिसतो गवतासारखा, पण गवत नव्हे. काडी दोन बोटांत धरून फिरवा, तीन धारा हाताला लागतील. गवताची काडी गोल असते आणि बहुधा पोकळ. शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या तणांवर जे पुस्तक काढलं, त्यात सर्वात वाईट तणाचा मान यालाच मिळाला. साहजिकच, धोक्यातल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत याच्यापुढे 'कमी चिंता' असा शेरा आहे.

जमिनीखाली याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. खुरप्याने माळ तुटली की आतापर्यंत झोपलेल्या गाठीही फुटतात. म्हणून निंदणीनंतर तो दुप्पट आल्यासारखा वाटतो. पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे सावली, आणि दुसरं म्हणजे गाठ उघडी पडून कडक उन्हात वाळणं. जळगाव जिल्ह्याचं मे महिन्यातलं ऊन यासाठी फुकटचं औषध आहे. उन्हाळी खोल नांगरटीने तो संपत नाही, पण जोर नक्की मोडतो.

सावली सोसत नाही म्हणूनच तो दाट झाडीत शिरत नाही. तिथे त्याचे भाऊबंद राहतात. मुक्ताईनगर तालुक्यात वढोदा-चारठाण्याचं जंगल आहे. वाघांमुळे आपण त्याला ओळखतो. अशा पानगळीच्या जंगलात ओढ्याकाठची अरुंद ओली पट्टी हे मोथा कुळातल्या सावलीप्रिय वनस्पतींचं घर. त्यातलीच एक किलिंगा निमोरॅलिस. वीतभर काडी आणि तिच्या टोकाला पांढरा गोल गेंद. निमोरॅलिस म्हणजेच राईत राहणारी. ती उष्ण देशांत दूरवर पसरलेली आहे, त्यामुळे तिच्या वंशाची काळजी नाही. पण जागतिक यादी जगाची असते, तुमच्या-माझ्या गावच्या नाल्याची नसते. काठावरची झाडं गेली, ऊन थेट जमिनीवर पडलं, की राईतली मंडळी जातात आणि त्या जागी तण येतं. बहुतेक वेळा लव्हाळाच. काठाची माती धरून ठेवणारी ही बारीक मुळं कुणी मोजत नाही. वाघ मोजले जातात, ते योग्यच आहे म्हणा.

हे सारं आरोग्याच्या सदरात कशाला, असं वाटेल. कारण लव्हाळ्याशी चाललेली लढाई आता खुरप्यापेक्षा फवारणीने लढली जाते. ग्लायफोसेट बांधावर मारलं, की नाल्याच्या काठावरही जातं. ते लव्हाळा आणि किलिंगा असा भेद करत नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेला ते मान्य नाही. वाद चालू राहील. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. पॅराक्वॅट तर त्याहून वाईट: ते पोटात गेलं तर उतारा नाही, फुफ्फुसं निकामी होतात.

डॉक्टर म्हणून सांगणं एवढंच, की तणनाशक कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. घरातल्या मुलाला ती बाटली पाण्याचीच वाटते. पंप नाल्यात धुऊ नका, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नका. चुकून पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नका. रुग्णाला तडक दवाखान्यात आणा आणि सोबत डबा किंवा त्याचं लेबल आणा. कोणतं औषध हे कळलं की आमचं निम्मं काम होतं.

आता वैद्याच्या दुकानातला नागरमोथा. आयुर्वेदात मुस्ता हे मोठं नाव. तापातल्या तहानेसाठी दिल्या जाणाऱ्या षडंगपानीयात तो असतो, जुलाबावरही वापरतात. मात्र त्या नावाखाली बाजारात दोन वनस्पती येतात. एक हा शेतातला लव्हाळा, दुसरी सायपेरस स्कॅरिओसस. ही मध्य भारतातल्या ओल्या, दलदलीच्या जागी वाढते, आणि तिच्या सुगंधी मुळांचं तेल अत्तरातही जातं. ती बहुतांशी रानातून खणून आणली जाते. पान किंवा फळ तोडलं तर झाड उरतं, मूळ खणलं तर जागाच रिकामी होते. शेतातला मोथा कितीही खणा, शेतकरी आशीर्वाद देईल. दुकानात विचारून पाहा, हा कुठला? आणि जुलाब झालेल्या मुलाला काढा देणार असाल तरी आधी मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस सुरू करा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल सुस्त वाटलं, तर कोणताही मोथा उगाळत बसू नका.